फोटो, काप आणि आकडा : पोटातली गाठ पाहण्याचा इतिहास

विषयाला हात घालण्याआधी दोन शब्दांबद्दल बोलू. हिंगोलीत, सेनगावात, कळमनुरीत, कुठंही दवाखान्याबाहेरच्या बाकावर पाच मिनिटं बसा. 'फोटो काढला का?' आणि 'दुर्बीण घातली का?' हे दोन प्रश्न कानावर पडणारच. एक्स-रे असो नाहीतर सीटी, आपल्याकडे सगळ्याला फोटोच म्हणतात. घशातून किंवा खालच्या बाजूनं नळी घालून आतडं तपासलं, की ती दुर्बीण. हे शब्द कुठल्या समितीनं बसून घडवले नाहीत, लोकांनी घडवले, म्हणून टिकले. पण 'फोटो' या शब्दानं थोडा घोटाळा केलेला आहे. सीटी स्कॅन हा फोटो नाही. तो आकड्यांचा तक्ता आहे, आणि आपण ज्याला फोटो म्हणतो ती त्या तक्त्याची एक छापील प्रत आहे, तीही अपुरी. आजचं सगळं बोलणं या एका मुद्द्याभोवती फिरणार आहे. अन्ननलिका, जठर आणि आतड्यांच्या गाठी तपासण्यात गेल्या पन्नास वर्षांत जे नवं घडलं, ते बरंचसं त्या तक्त्यात घडलं. आपल्या भागातला रोगी घरी घेऊन येतो तो मात्र फोटो.

जरा मागून सुरुवात करू. तोंडातली गाठ आरशात दिसते, स्तनातली हाताला लागते. पोटातली गाठ हाताला लागेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. अन्ननलिकेच्या कर्करोगात आधी भाकरी अडकते, मग भात, शेवटी पाणीसुद्धा उतरत नाही. हा क्रम आपल्यापैकी काहींनी घरात पाहिलाही असेल. अन्ननलिका ताणली जाते, त्यामुळे भाकरी अडकायला लागते तेव्हा आतली बरीच वाट आधीच बुजलेली असते. मग आत पाहायचं कसं? एकोणिसाव्या शतकात याला एकच उत्तर होतं: पोट उघडून. २९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ या सर्जननं जठराचा कर्करोग झालेल्या एका बाईचं जठर अंशतः कापून काढलं आणि उरलेला भाग आतड्याला जोडला. ऑपरेशन यशस्वी झालं, वैद्यकाच्या इतिहासात त्याची नोंद झाली. ती बाई मात्र काही महिन्यांतच गेली, कारण रोग पोटात पसरलेला होता. किती पसरलाय हे पोट उघडण्याआधी कळायला बिलरोथकडे मार्गच नव्हता. 'कोणाला कापावं आणि कोणाला कापू नये' हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. पुढचा सगळा इतिहास त्याच प्रश्नाचं उत्तर आहे असं आम्ही मानतो.

नोव्हेंबर १८९५ मध्ये राँटगेनला क्ष-किरण सापडले आणि हाडं दिसायला लागली. पण आतडं मऊ, आजूबाजूचं सगळंच मऊ. साध्या क्ष-किरणात ते वेगळं दिसत नाही. वाट काढली ती अमेरिकेतल्या एका विद्यार्थ्यानं. वॉल्टर कॅनन हार्वर्डमध्ये वैद्यकाच्या पहिल्या वर्षात होता. १८९६ च्या अखेरीपासून त्यानं हंस आणि मांजरांना बिस्मथ मिसळलेला घास खाऊ घालून तो घास अन्ननलिकेतून, जठरातून कसा सरकतो ते पडद्यावर पाहिलं. बिस्मथच्या काही क्षारांनी विषबाधा होई. म्हणून १९१० च्या सुमारास जर्मनीत बेरियम सल्फेट आलं, ते पाण्यात विरघळत नाही आणि अंगात शोषलं जात नाही. दवाखान्यात जे पांढरं, खडूसारख्या चवीचं औषध पाजतात ते हेच. ज्यांना ते पाजलंय त्यांना चव आठवत असेल.

बेरियमच्या फोटोत काय दिसतं, हे नीट समजून घ्यायला हवं. त्यात गाठ दिसत नाही. आतल्या पोकळीचा साचा दिसतो. साचा जिथं वेडावाकडा अरुंद झालाय, तिथं भिंतीत काहीतरी आहे असा अंदाज करायचा. अन्ननलिकेत तो साचा उंदराच्या शेपटीसारखा निमुळता झाला तर डॉक्टर सावध होत. मोठ्या आतड्यात तो खाल्लेल्या सफरचंदाच्या मधल्या भागासारखा दिसला, तर निदान जवळपास पक्कं. गाठ बाहेरच्या बाजूला किती वाढली, शेजारच्या गाठींत, यकृतात गेली का, यातलं काहीच त्या साच्यात उमटत नाही. तरीसुद्धा जपान्यांनी याच बेरियममधून केवढं काढलं ते बघा. तिथं जठराचा कर्करोग फार. १९५० च्या दशकात शिराकाबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेरियम आणि हवा दोन्ही वापरून जठराच्या अस्तराच्या बारीक सुरकुत्या दाखवणारी पद्धत बसवली, आणि पुढे क्ष-किरण यंत्र बसवलेल्या गाड्या गावोगाव फिरवून लोकांची तपासणी सुरू केली. यंत्र तेच, औषध तेच. फरक पडला तो एवढाच की त्रास व्हायच्या आधी पाहिलं.

आता आपल्याकडे येऊ. त्या काळात हिंगोली हे परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं, आणि परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात. हिंगोलीला जुनी लष्करी छावणी होती, पण अवघड दुखण्यासाठी सामान्य माणसाला हैदराबादची वाट धरावी लागे. मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगानं गेल्या, पुढच्याच वर्षी दोराबजी गेले, आणि त्यांच्या विश्वस्त निधीतून हे रुग्णालय उभं राहिलं. तिथल्या प्रयोगशाळांची धुरा वसंत रामजी खानोलकरांनी सांभाळली. मराठी माणसानं अभिमानानं घ्यावं असं हे नाव. कर्करोगाचा माणसांच्या सवयींशी, पोशाखाशी, खाण्यापिण्याशी काय संबंध आहे, हे भारतातल्या रोग्यांवरून तपासायला हवं, परदेशी पुस्तकांवरून नाही, ही दृष्टी त्यांची. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे. हैदराबादेत मेहदी नवाझ जंग यांच्या नावाचं कर्करोग रुग्णालय १९५५ मध्ये सुरू झालं, आणि १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात आला. म्हणजे राजधानीत कर्करोगाचा दवाखाना आला, आणि वर्षभरात राजधानीच बदलली. ज्या मुंबईशी आपण जोडले गेलो, ती त्या वेळच्या मीटर गेज गाडीनं हैदराबादेपेक्षा जवळ होती असं नाही.

नंतरच्या तारखा भराभर सांगतो. औरंगाबादचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६, अंबाजोगाईचं १९७४, नांदेडचं १९८८. हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ ला. औरंगाबादचं, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचं, शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ मध्ये. आणि हिंगोलीचं स्वतःचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये, १०० जागांचं. म्हणजे राँटगेनपासून मोजलं तर सव्वाशेहून जास्त वर्षं.

दुर्बिणीचं मधे राहून गेलं. १८६८ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबर्गला कुसमाउल नावाच्या डॉक्टरनं तलवार गिळणाऱ्या एका कसरतपटूच्या घशातून सरळ नळी जठरापर्यंत घालून पाहिली. सरळ नळी सोसायला तलवार गिळणाराच पाहिजे, सामान्य माणसाचं ते काम नाही. खरी वाट उघडली १९५४ मध्ये. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि त्यांचा विद्यार्थी नरिंदरसिंग कपानी, पंजाबातल्या मोगा गावचा, यांनी काचेच्या बारीक तंतूंच्या जुडग्यातून चित्र वळणावळणानं पाठवता येतं, हे 'नेचर'मध्ये छापलं. ते वाचून अमेरिकेत बेसिल हर्शोविट्झ यांनी लवचिक गॅस्ट्रोस्कोप बनवला आणि १९५७ मध्ये रोग्याला घालण्याआधी स्वतःच गिळून पाहिला. आम्हाला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. दुर्बिणीनं गाठीचा तुकडा काढता येतो, आणि कर्करोग आहे की नाही हे ठरतं ते त्या तुकड्यावरच. आजही, कितीही भारी स्कॅन झाला तरी, तुकड्याच्या तपासणीला पर्याय नाही. पण दुर्बीण बघते ती आतलं अस्तर. भिंतीच्या पलीकडं काय चाललंय ते तिला दिसत नाही.

भिंतीच्या पलीकडचं दाखवलं सीटीनं. इथं आपण त्या आकड्यांच्या तक्त्यापाशी येतो.

कल्पना करा, एक कणगी आहे, आत काय भरलंय ते उघडून बघता येत नाही. पण आरपार जाणारा उजेड सगळ्या बाजूंनी सोडला आणि दर वेळी पलीकडं किती उजेड पोचला ते मोजलं, तर त्या मोजमापांवरून आतली प्रत्येक जागा किती दाट आहे, ते गणितानं काढता येतं. हे काढता येतं हे योहान राडोन या ऑस्ट्रियन गणितज्ञानं १९१७ मध्येच सिद्ध केलं होतं. त्याला रोग्यांशी काही देणंघेणं नव्हतं, शुद्ध गणित म्हणून केलं. अॅलन कॉरमॅकनं १९६० च्या दशकात ते क्ष-किरणांसाठी पुन्हा मांडलं. इंग्लंडमध्ये गॉडफ्रे हाउन्सफिल्डनं यंत्र बांधलं, आणि १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात एका रुग्णेच्या मेंदूचा पहिला काप निघाला. कॉरमॅक आणि हाउन्सफिल्ड यांना १९७९ चं नोबेल मिळालं. याच १९७१ साली आपल्याकडे जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी एक लेख छापला. मोजमापांवरून चित्र परत उभं करायला आधी जे जड गणित लागे, त्याऐवजी एक सोपी, जलद गाळणी त्यांनी दिली. जगभरातल्या सीटी यंत्रांच्या पुस्तकांत ती गाळणी आजही 'राम-लॅक' या नावानं शिकवतात. सीटीवाल्या दुकानातल्या पोरांनाही हे नाव माहीत असतं, पण तो राम म्हणजे आपले रामचंद्रन हे बहुतेकांना माहीत नसतं.

सीटीच्या एका कापात साधारण ५१२ गुणिले ५१२, म्हणजे २ लाख ६२ हजार १४४ चौकोन असतात, आणि प्रत्येक चौकोनात एक आकडा. पाण्याला शून्य, हवेला उणे १०००, चरबीला उणे १०० च्या आसपास, हाडाला काहीशे ते हजार. पोटाच्या तपासणीत असे ३०० काप निघाले तर साडेसात कोटींहून जास्त आकडे होतात. इतक्या छटा माणसाच्या डोळ्याला वेगळ्या ओळखता येत नाहीत. म्हणून पडद्यावर दाखवताना एक खिडकी निवडतात: पोटासाठी साधारण ४० च्या भोवतीचे ४०० आकडे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत पसरवायचे, त्याच्या खालचं सगळं काळं, वरचं सगळं पांढरं. फिल्मवर छापतात ते या खिडकीतून दिसणारं, तेही निवडक कापांचं. बाकीचे आकडे यंत्रातच राहतात.

आकड्यांचा उपयोग काय, याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आम्हाला वाटतं ते 'जिस्ट' नावाच्या गाठीचं. जठराच्या किंवा लहान आतड्याच्या भिंतीतून वाढणारी ही गाठ, नेहमीच्या केमोथेरपीला दाद न देणारी. मार्च २००० मध्ये फिनलंडमध्ये अशा एका रुग्णेला इमॅटिनिब नावाची गोळी दिली, आणि रोग झपाट्यानं मागं हटला. पण मग अडचण आली ती मोजण्याची. कर्करोगाची गाठ औषधाला दाद देते का, हे ठरवायचा जगभरचा नियम होता लांबी मोजण्याचा: ३० टक्क्यांनी आखूड झाली तर औषध लागू पडलं. समजा गाठ १० सेंटीमीटरची साडेनऊ झाली. नियमानुसार हा प्रतिसाद धरला जात नाही. पण त्याच गाठीच्या आतला सरासरी आकडा ८० वरून ६० वर आला असेल तर? तर ती आतून मरते आहे, पोकळ होते आहे, फक्त आकार धरून बसली आहे. अमेरिकेत हेसन चोई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये यावरून नवा निकष मांडला: लांबी १० टक्क्यांनी किंवा आकडा १५ टक्क्यांनी उतरला, तरी औषध लागू पडलं असं धरा. फूटपट्टीनं औषधाचा जो परिणाम दिसला नसता, तो आकड्यामुळे दिसला. आणि हे औषध चालू ठेवणं आपल्याकडे शक्य होतं का? २०१३ च्या सुमारास मूळ कंपनीची गोळी महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपयांची होती, भारतीय कंपन्यांची ८ ते १० हजारांची. १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं पेटंटचा दावा फेटाळला, म्हणून ही स्वस्त गोळी बाजारात राहिली. इतिहासात कोर्टाचा निकाल आणि सीटीचा आकडा असे एकाच रोग्याच्या गोळीच्या डबीत एकत्र येतात.

दुसरं उदाहरण गुदाशयाचं. याबद्दल लोक बोलायला लाजतात, म्हणून आम्ही मुद्दाम बोलतो. गुदाशयाच्या कर्करोगात रोग्याला सगळ्यात मोठी भीती मरणाची नसते कित्येकदा. पोटावर कायमची पिशवी लागेल ही असते. शेतात राबणारा माणूस, एसटीनं जाणारी बाई, लग्नकार्यात पंगतीला बसणं, या सगळ्यात ती पिशवी येते. इंग्लंडमधले सर्जन बिल हील्ड यांनी १९८२ मध्ये दाखवलं की गुदाशयाभोवती चरबीचं एक वेष्टन असतं, ते न फाटता सगळंच्या सगळं काढलं तर रोग तिथं परत येण्याचं प्रमाण फार कमी होतं. मग प्रश्न: गाठ त्या वेष्टनाच्या कडेला किती जवळ आली आहे, हे आधी कळेल का? लॉटरबर आणि मॅन्सफिल्ड यांच्या कामातून १९७० च्या दशकात एमआरआय आला होता, पण या मिलिमीटरच्या प्रश्नाला तो भरवशानं उत्तर देतो हे युरोपातल्या बऱ्याच रुग्णालयांनी मिळून केलेल्या 'मर्क्युरी' अभ्यासानं २००६ मध्ये दाखवलं. कडेपासून एक मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर सरळ ऑपरेशनचा विचार करता येतो. नसेल तर आधी रेडिएशन आणि औषधं देऊन गाठ मागं हटवायची, मग सुरी. एक मिलिमीटर, म्हणजे ज्वारीच्या दाण्याहूनही कमी.

आणि २००४ मध्ये ब्राझीलच्या साओ पावलोमधून अँजेलिटा हाब्र-गामा यांनी त्याहून धाडसी गोष्ट मांडली होती. रेडिएशन आणि औषधांनंतर काही रोग्यांची गाठ पूर्ण नाहीशी होते. अशांना कापूच नका, फक्त काटेकोर नजर ठेवा. सुरुवातीला त्यांच्यावर बरीच टीका झाली. आज अनेक मोठी केंद्रं निवडक रोग्यांना हा पर्याय देतात. पण नजर ठेवायची म्हणजे तपासणीवर भरवसा हवा. रेडिएशननंतर तिथं राहतो तो व्रण की उरलेला रोग, हे साध्या चित्रात सारखंच काळपट दिसतं. ऊतींमधलं पाणी किती मोकळेपणानं हलतं हे मोजणारा एमआरआयचा प्रकार इथं कामाला येतो: पेशींची दाटी असेल तर पाणी अडतं, आणि तो अडथळा आकड्यात उतरतो. बिलरोथला जे पोट उघडूनही पुरतं कळलं नसतं, ते इथं न उघडता ठरवायचं असतं, आणि चूक झाली तर एका बाजूला नको असलेली पिशवी, दुसऱ्या बाजूला आत राहिलेला रोग.

मग संगणकानं पुढची उडी घेतली. रॉबर्ट हॅरॅलिक आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये चित्राचा पोत मोजायची पद्धत दिली: शेजारशेजारच्या चौकोनांत कोणता आकडा कोणत्या आकड्याशेजारी किती वेळा येतो, याचा हिशेब. ती बनवली होती वाळूच्या खडकांची, विमानातून घेतलेली आणि उपग्रहाची चित्रं ओळखायला. चाळीसेक वर्षांनी तोच हिशेब गाठींच्या सीटीवर चालवायला लागले, आणि २०१२ मध्ये नेदरलँड्सच्या फिलिप लाम्बिन यांनी या कामाला 'रेडिओमिक्स' हे नाव रूढ केलं. गाठ एकसारखी आहे की आत चिघळलेली, रक्त कुठं पोचतं कुठं नाही, हे शेकडो आकड्यांत मांडायचं आणि त्यावरून औषध लागू पडेल का, याचा अंदाज बांधायचा. त्यानंतर खोल शिकणारी संगणकी जाळी आली. त्यांना हिशेब सांगावाही लागत नाही, हजारो चित्रं दाखवली की ती आपली आपण खुणा शोधतात. २०२५ मध्ये चीनच्या संशोधकांनी रंगाचं औषध न देता काढलेल्या साध्या सीटीतून जठराचा कर्करोग हुडकणारी अशी पद्धत प्रसिद्ध केली.

इथं आम्ही थोडं थांबतो, कारण वर्तमानपत्रांत या विषयावर फार उत्साहानं लिहिलं जातं. कापाची जाडी बदलली, यंत्राची कंपनी बदलली, चित्र उभं करायची गाळणी बदलली, की तीच गाठ वेगळे आकडे देते. हे इतकं झालं की जगभरच्या गटांना एकत्र बसून आकड्यांच्या व्याख्या पक्क्या कराव्या लागल्या; २०२० मध्ये त्यांनी १७४ पैकी १६९ मापांवर एकमत जाहीर केलं. म्हणजे तोवर प्रत्येकाचं शेर वेगळं होतं. आडतीत प्रत्येक दुकानाचा काटा वेगळा असेल तर हळदीचा भाव कसा ठरेल, तसंच हे. आणखी एक गोष्ट. मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीत कोंब दाखवून देणारा संगणक २०२१ पासून अमेरिकेत परवान्यानं वापरात आहे. पण पोलंडमधल्या चार केंद्रांवरून २०२५ मध्ये आलेलं निरीक्षण असं की संगणक हाताशी आल्यानंतर डॉक्टर जेव्हा त्याच्याशिवाय तपासतात, तेव्हा त्यांना कोंब सापडण्याचं प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ वर आलं. यावरून लगेच निष्कर्ष काढू नये, पण विसरूही नये.

आता दुधाळ्याकडे वळू. औंढा नागनाथजवळच्या या गावात लायगो-इंडिया उभी राहणार आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. चार-चार किलोमीटरच्या दोन बाहू असलेली वेधशाळा, २०२३ मध्ये केंद्रानं २,६०० कोटी रुपयांना अंतिम मंजुरी दिली. प्रोटॉनच्या रुंदीच्या दहाहजाराव्या भागाएवढा फरक तिला मोजायचा आहे, तोही भूकंपाच्या, वाऱ्याच्या, रस्त्यावरच्या ट्रकच्या गोंगाटातून. गोंगाटातून खूण वेगळी काढायच्या गणितात पुण्याच्या आयुकातल्या संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं १९९० च्या दशकापासूनचं काम जगात मानलं जातं. सीटीतून गाठ वेगळी काढणं हे त्याच जातीचं काम आहे. योगायोग असा की लायगो-इंडियाचा भार मुख्यतः अणुऊर्जा विभागावर आहे, आणि टाटा मेमोरियल १९६२ पासून त्याच विभागाकडे आहे. एकाच खात्याची एक टोकाची वेधशाळा आपल्या जिल्ह्यात येते आहे, दुसऱ्या टोकाला आपला रोगी परळच्या फुटपाथवर नंबराची वाट बघत असतो. आम्ही हे उपहासानं सांगत नाही. दोन्ही हवं.

तो रोगी काय घेऊन गेलेला असतो? प्लास्टिकची पिशवी, तीत तपकिरी किंवा पांढरं पाकीट, पाकिटात १४ बाय १७ इंचांच्या दोन-तीन फिल्म आणि दीड पानांचा रिपोर्ट. साडेसात कोटी आकड्यांपैकी त्याच्या हातात आलेत वीस-तीस छापील काप, एका खिडकीतले. मोठ्या दवाखान्यात पुष्कळदा ऐकायला मिळतं: 'यावरून काही सांगता येत नाही, परत स्कॅन करा.' पुन्हा पैसे, पुन्हा रंगाचं इंजेक्शन, पुन्हा आठवडा. आमच्या एका नातेवाइकाच्या बाबतीत नेमकं हेच झालं. पहिल्या केंद्रावर सीडी मागितली तेव्हा 'ती नंतर न्या' म्हणाले, नंतर गेलो तर यंत्रातली माहिती पुसलेली. औषधानं गाठ हलली की नाही हे ठरवायला जुना आकडा हवा होता, आणि आमच्याकडे होता फक्त जुना फोटो. तो उजेडाला धरून आम्ही सगळ्यांनी पाहिला. डॉक्टरांनीही पाहिला.

याला दुसरी बाजूही आहे. ज्या संगणकांबद्दल आत्ता बोललो, ते शिकले आहेत चीन, युरोप, अमेरिकेच्या रोग्यांवर. आपल्याकडचा रोगी तंबाखू-चुन्याचा, उशिरा आलेला, हडकलेला. पोटात चरबी कमी असली की अवयवांच्या कडा सीटीत एकमेकांत मिसळतात, हे कुठलाही रेडिओलॉजिस्ट सांगेल. टाटा मेमोरियलनं आता भारतातल्या रोग्यांच्या प्रतिमांची पेढी उभारायला घेतली आहे, सुरुवात डोकं-मान आणि फुप्फुसाच्या कर्करोगापासून. पोटाचा क्रमही लागेल. पण पेढीत जमा होणार ते आकडेच. फिल्म जमा होत नाहीत.

खानोलकरांचा मुद्दा इथं परत येतो, आणि त्यांच्या वाटेवरचं आपल्या अगदी जवळचं काम म्हणजे बार्शी. तिथं १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. सोलापूर जिल्ह्यातला बार्शी आणि आपल्या मराठवाड्यातले परंडा, भूम हे तीन तालुके, ३४६ गावं. तेव्हा संगणक नव्हता म्हटलं तरी चालेल. नोंदणीची माणसं गावात जात, पारावर बसत, कोणाला घास अडकतो, कोणाच्या अंगावरून जातं ते विचारत, तपासणीला घेऊन येत, आणि कोणी गेलं असेल तर कशानं गेलं तेही लिहून घेत. ग्रामीण भागात कर्करोग कितपत आहे, हे त्याआधी कोणालाच नीट माहीत नव्हतं. शहरातल्या रुग्णालयांचे आकडे होते, पण रुग्णालयापर्यंत पोचलेल्यांचेच.

व्याख्यानानंतर जे प्रश्न आले त्यातले दोन इथं देतो. वसमतच्या एका शेतकरी श्रोत्यांनी विचारलं की आपल्या हळदीनं गाठ विरघळते म्हणतात, ते खरं का? हळदीतल्या घटकांवर प्रयोगशाळांत खूप काम झालं आहे, पण हळद खाऊन जठराची किंवा आतड्याची गाठ गेली असं माणसांवरच्या अभ्यासातून सिद्ध झालेलं नाही. हळद जेवणात घ्या, विका, चांगला भाव मिळो. पण घास अडकत असेल, शौचातून रक्त जात असेल, वजन उतरत असेल तर तिच्यावर महिने काढू नका, दुर्बीण करून घ्या.

दुसरा प्रश्न एका ताईंचा होता: नेमकं काय मागायचं? स्कॅन झाल्या झाल्या, पैसे भरतानाच, 'सगळ्या कापांची सीडी किंवा पेनड्राइव्ह, डायकॉम स्वरूपात' असं म्हणा. मोबाइलवर पाठवलेला फिल्मचा फोटो चालणार नाही, व्हॉट्सअॅपवर आलेली पीडीएफही नाही. घरी आल्यावर सीडी उघडते का ते कोणाच्या तरी कॉम्प्युटरवर बघून घ्या आणि दुसरी प्रत करून ठेवा. पुढच्या वेळी शक्य असेल तर त्याच केंद्रावर, त्याच पद्धतीनं स्कॅन करा, म्हणजे काटा तोच राहील. ताई म्हणाल्या, 'सीडीचे वेगळे पैसे घेतात हो.' घेतात काही ठिकाणी. दुसऱ्यांदा स्कॅन करायला त्याच्या कितीतरी पट लागतात.